इंदूचं कपाळ

“हात जरा वाकव वं गोपिका. असा ताठ धरशीन तर चुडा कसा चढन?”

गोपिकाने इंदूबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि मान भिंतीकडे फिरवली. समोरच्या घरातली ही नवी सून. मेलेल्या माणसाला हात लावायची तिची पहिलीच वेळ. प्रयागबाईने इंदूबाईच्या बोटांना खोबरेल तेल चोळलं आणि हिरव्या काचेची एकेक बांगडी वर सरकवली. हात अजून पुरते आखडले नव्हते, पण आखडायला लागले होते. घाई करायला हवी होती.

या कामात प्रयागबाईचा हात धरणारं हुडकेश्वरच्या त्या लेआउटच्या वस्तीत कोणी नव्हतं. कुठल्याही घरात बाई गेली की पहिला निरोप तिच्याकडे. आंघोळ कशी घालायची, हनुवटी कशी बांधायची, सवाष्णीला कसं नटवायचं, विधवेच्या खोलीतून आपण कधी बाहेर पडायचं, सगळं तिला पाठ. तिचा नवरा नानाजी चेष्टा करायचा, “लग्नाले इसरतीन हिले, पण मयतीले बरोबर बोलावतीन.” ती वरवर रागवायची. पण आपल्यावाचून लोकांचं अडतं याचा तिला आतून थोडा तोराही होता.

आजची गोष्ट मात्र वेगळी होती. आज इंदू गेली होती.

पूर्वी हा सगळा पट्टा भोयरांच्या वावरांचा. वावरं गेली, प्लॉट पडले, आणि नानाजी भोयरांच्या अगदी शेजारच्या प्लॉटवर वीज मंडळातले देवराव गजभिये घर बांधायला आले. त्यांची बायको इंदूबाई सरकारी दवाखान्यात नर्स. दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवरून आधी पाण्याची नळी, मग भाजीच्या वाट्या, मग घरातली गाऱ्हाणी अशी देवघेव सुरू झाली, ती काल संध्याकाळपर्यंत चालू होती. मागच्या उन्हाळ्यात नानाजी अंगणातच छाती धरून कोसळला, तेव्हा प्रयागबाई नुसती किंचाळत उभी राहिली. धावत आली ती इंदू. गाडी येईपर्यंत ती गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिली, घामाने निथळली, पण थांबली नाही. पाच मिनिटं उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टरांनीच सांगितलं. तेव्हापासून सकाळी आरशासमोर कुंकू लावताना प्रयागबाई रोज मनात म्हणायची, हे इंदूने राखलेलं आहे.

आणि दुसऱ्याचं काळीज चालू करणाऱ्या त्याच इंदूचं काळीज आज पहाटे झोपेत बंद पडलं. कोणाला कळलंसुद्धा नाही.

“वहिनी, आमची मयुरा पुण्याहून येऊन राहिली. विमानानं येते म्हणे, तरी तिले दुपार होईन,” देवराव सकाळी दारात उभे राहून म्हणाले होते. “बाकीचे आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीतून निघाले हायेत. तवपर्यंत तुम्हीच पाहा. कपाटात वरच्या खणात पांढरी साडी हाये, तेच नेसवा.” एवढं बोलून ते अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले होते आणि समोरच्या मोसंबीच्या झाडाकडे बघत राहिले होते.

पांढरी साडी! प्रयागबाईला वाटलं, दुःखाने बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. नवरा धडधाकट अंगणात बसलाय आणि त्याच्या बायकोला पांढरं नेसवायचं? दीक्षाभूमीला जाताना इंदू दरवर्षी पांढरी साडी नेसायची हे तिला माहीत होतं, पण ते सणाचं झालं. तिने कपाट उघडलंच नाही. ती घरी गेली, आपल्या पेटीच्या तळाशी ठेवलेली हिरवी साडी घेऊन आली. ती साडी तिने स्वतःसाठी ठेवली होती. नानाजीच्या आधी आपण गेलो तर अंगावर असावी म्हणून घडीसुद्धा न मोडता जपलेली. ती इंदूला नेसवताना तिला एकदाही जड गेलं नाही.

“काकू,” गोपिका हळूच म्हणाली, “यांच्यात चालते का हे?”

“मरणाले कोणता धर्म असते वं? बाई ते बाई.”

हे प्रयागबाई मनापासून म्हणाली. मरणाला धर्म नसतो असं म्हणत आपण इंदूला आपलाच धर्म नेसवतो आहोत, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. चांगल्या माणसांचं असंच होतं. वाईट करायचं मनात नसलं की आपल्या हातून वाईट होणारच नाही, अशी त्यांची खात्री असते.

चुडा भरून झाला. ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. शेवटी प्रयागबाईने हळद-कुंकवाची कोयरी जवळ ओढली आणि जरा थांबली. दर संक्रांतीला इंदू तिच्या घरी यायची, तिळगूळ खायची, वाण घ्यायची, सगळ्यांमध्ये बसून हसायची. प्रयागबाईचं बोट कपाळाजवळ आलं की मात्र तिचा हात अलगद धरून ठेवायची. “कपाळ राहू दे वं प्रयाग.” दरवर्षी तेच आणि तेवढंच. विहारातल्या बायका काय म्हणतील म्हणून ही लाजते, असं प्रयागबाईने ठरवून टाकलं होतं. विचारलं असतं तर इंदूने सांगितलं असतं, ती काही मुखदुर्बळ नव्हती. प्रयागबाईने कधी विचारलंच नाही.

आज हात धरणारं कोणी नव्हतं. तिने एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत इंदूचं कपाळ भरून मळवट भरला आणि तिला हुंदका आला.

“आता कशी भरल्यासारखी दिसते पाह्य,” ती म्हणाली.

फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. इंदोऱ्याचे नातेवाईक, विहारातली मंडळी, लेआउटमधले शेजारी. पण लेक येईपर्यंत खोलीचं दार लोटून ठेवलेलं होतं, बाहेरचं कोणी आत गेलं नव्हतं. मयुरा कोणाकडे न बघता आत धावली आणि खोलीच्या उंबऱ्यात थबकली. तिच्यामागून तिचा चुलतभाऊ प्रेमानंद आला, तोही थांबला.

प्रयागबाईने हात पसरले. या पोरीला तिने शाळेच्या दप्तरासकट सांभाळलं होतं. “ये माय. पाह्य, तुही आई कशी—”

“हे कोणी केलं?”

“म्या केलं. भाग्याची हो तुही माय, नवऱ्याच्या आधी—”

“भाग्याची?” मयुराचा आवाज फाटला. “आई आयुष्यभर कशाला नाही म्हणत आली, तुम्हाला ठाऊक नव्हतं? बाबांनी पांढरी साडी सांगितली नव्हती तुम्हाला?”

मयुरा तिला कधी ‘तुम्ही’ म्हणत नसे. प्रयागबाईचे पसरलेले हात तसेच खाली आले.

“सांगतली होती, पण म्या म्हणलं...”

“मोठ्या आईले जित्तेपणी बदलवता नाई आलं,” प्रेमानंद म्हणाला, “म्हणून मेल्यावर बदलवली का काकू?”

तो ओरडला नव्हता, पण दार उघडं होतं आणि अंगणात सगळ्यांना ते ऐकू गेलं. दारापाशी गर्दी झाली. विहारातल्या एका म्हाताऱ्या बाईने आत डोकावून पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. कुणीतरी म्हणालं, “बाटवलं.” कुणीतरी मोबाइल वर धरला. तो शब्द आणि तो मोबाइल यांनी मिळून बातमी फाटकापर्यंत नेली, आणि फाटकाशी प्रयागबाईचा मुलगा अमोल उभा होता.

अमोल माणूस वाईट नव्हता. पण गेल्या काही वर्षांत त्याला एक खोड लागली होती. कुठे दोन माणसं भांडताना दिसली की त्यातला आपला कोणता, हे तो आधी बघायचा.

“कोणावर आवाज चढवून राहिला बे?” तो गर्दीतून वाट काढत आला. “माह्या आईनं सकाळपासून हात लावला प्रेताले. तुम्ही कोणी होते का अठी?”

“हात लावाले सांगतलं होतं,” प्रेमानंद बाहेर आला. “कुंकू लावाले नाई.”

“इज्जत देल्ली तर तेही खुपते का तुम्हाले?”

त्या ‘तुम्हाले’बरोबर अंगणातली माणसं उठली. सकाळपासून एकाच सतरंजीवर बसलेली माणसं आता दोन बाजूंना उभी होती. कोणी सांगितलं नव्हतं, तरी उभी होती. प्रेमानंदजवळची तीन-चार पोरं पुढे सरकली. अमोलने खिशातून फोन काढला.

“विक्की, पोरं घेऊन ये. हो, आत्ताच. लेआउटमध्ये.”

आत प्रयागबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला भीती वाटत होती आणि रागही येत होता. आपल्या शेवटासाठी जपलेली साडी दिली, ती काय यासाठी? कोणाच्या घरचं मागून आणलं नाही, स्वतःचं दिलं. आणि ही पोरगी आपल्याकडे परकी असल्यासारखी बघते.

देवराव आत आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि गुडघे धरून हळूच जमिनीवर बसले. मग त्यांनी मान वर केली, पण बोलले ते खालच्या आवाजातच.

“वहिनी, इंदूची माय खेड्यातली. संक्रांतीले गावातल्या बाया हळदीकुंकू वाटत. आमच्या बायांनं अंगणाच्या बाहेर उभं राहाचं अन् हात पसराचा. कुंकू वरून टाकत, हाताले हात लागू नये म्हणून. अर्धं मातीत पडे. ते वेचून लावाचं. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी तिच्या मायनं सोताच्या हातानं कपाळ पुसलं. नवरा बाजूलेच उभा होता, जित्ता. इंदू कडेवर होती. माय म्हणे, मातीतलं लावलं तेवढं लावलं, आता कोणाचंच नाई लावत. इंदूनं तेच पाळलं. लग्नातबी नाई लावलं माह्यासाठी.”

वरून टाकलेलं कुंकू म्हणजे काय, हे प्रयागबाईला विचारायची गरज नव्हती. तिच्या माहेरच्या अंगणात तिने ते पाहिलं होतं. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बायका, पुढे केलेले तळवे, आणि तिच्या आईचा उंच धरलेला हात. लहान असताना तिला तो खेळ वाटायचा. आई किती उंचावरून बरोबर नेम धरते, म्हणून ती टाळ्या वाजवायची.

आणि दर संक्रांतीला आपण इंदूच्या कपाळापर्यंत बोट नेत होतो. ती हसून हात धरायची आणि तरीही पुढच्या वर्षी यायची. एवढं पोटात ठेवून ती आपला तिळगूळ खात होती. प्रयागबाईला इतकी लाज वाटली की तिला समोर बसलेल्या देवरावांकडे बघवेना.

बाहेर आवाज चढले. कुणीतरी कुणालातरी ढकललं, खुर्ची पडली. प्रयागबाई उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

“अमोल, फोन ठेव.”

“आई, तू मधात पडू नको.”

“मधात मीच आहो. केलं म्या हाये.” ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. आयुष्यात एवढ्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. “ऐका बाप्पा. देवरावभाऊनं पांढरी साडी सांगतली होती. म्या ऐकलं नाई. इंदूनं जित्तेपणी कपाळाले हात लावू देल्ला नाई, तो म्या ती मेल्यावर लावला. तिले नाई म्हणता येत नव्हतं, तवा लावला.”

स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर तिला ते आणखीनच वाईट वाटलं. प्रेमानंदने नजर खाली केली. अमोलच्या कानाला लागलेल्या फोनमधून विक्कीचा हॅलो, हॅलो असा बारीक आवाज येत होता.

“सांग त्याले, येऊ नको म्हणा,” प्रयागबाई म्हणाली. “येवाचंच असन तर खांदा द्याले ये म्हणा.”

अमोलने तिच्याकडे पाहिलं, दात आवळले, आणि फोन बंद केला. तो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला पटलं नव्हतं, हे त्याच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

“लावलं म्या, आता काढतेबी मीच,” प्रयागबाई म्हणाली आणि वळली. तेवढ्यात गोपिकाने तिचा पदर धरला.

“काकू, तुम्ही नका वं. सवाष्णीनं सवाष्णीचं कुंकू पुसू नाई. काकाची तब्येत अशी...”

प्रयागबाईचा पाय जागीच थांबला. इतक्या मयती तिने केल्या, पण हे काम तिने कधी केलं नव्हतं. कपाळ पुसायची वेळ आली की ती खोलीतून बाहेर जायची. ते विधवांनी करायचं. नवरा जिवंत असताना दुसरीचं कुंकू पुसणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या दारात अवदसा बोलावणं, असं तिला आजीने सांगितलं होतं, आईने सांगितलं होतं, आणि तिने स्वतः कितीतरी सुनांना सांगितलं होतं. तिचा त्यावर विश्वास होता. आता एका दिवसात तो कुठे जाणार?

“राहू द्या वहिनी,” मागून देवराव म्हणाले. “विहारातल्या बाया काढतीन.”

प्रयागबाईने कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे, आपल्या अंगणात, नानाजी उभा होता. डॉक्टरांनी गर्दीत जायला मना केलं म्हणून तो तिथूनच सगळं ऐकत होता. त्याचा एक हात भिंतीवर होता आणि चेहरा उन्हाने तांबडा झाला होता. तिला वाटलं, हा नाही म्हणेल. हा नाही म्हणाला तर किती बरं होईल, असंही तिला एकदा वाटलं.

“पाणी कोमट घे प्रयाग,” नानाजी म्हणाला. “थंड्या पाण्यानं निघत नाई ते.”

आत मयुरा आईच्या अंगावर हात टाकून बसली होती. प्रयागबाई पाण्याचं पातेलं घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, “मी काढीन.”

“काढ माय. तुहीच माय हाये. पण कुंकू लय हाये, डोळ्यात जाईन. म्या भरलं तसंच मले काढू दे.”

मयुरा जराशी सरकली.

नारळ आणि तांदूळ आधी बाजूला झाले. बांगड्या तेल लावूनही सहज निघेनात, हात आता चांगलेच आखडले होते. शेवटच्या दोन काही केल्या अंगठ्यावरून उतरेनात. मयुराने आईचं मनगट धरून ठेवलं, प्रयागबाईने पदर दुमडून बांगड्यांभोवती गुंडाळला आणि दाबलं. काच पदराच्या आतच फुटली, अगदी लहानसा आवाज झाला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग हिरवी साडी उतरली आणि कपाटाच्या वरच्या खणातली पांढरी साडी आली, कडक इस्त्रीची. निऱ्या मयुराने केल्या. प्रयागबाईने त्या खोचल्या.

कपाळ राहिलं होतं. प्रयागबाईने पांढरं फडकं कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं आणि इंदूच्या भुवईवर टेकवलं. भिंतीपलीकडून नानाजीच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. तिचा हात थांबला. ती कान देऊन ऐकत राहिली. खोकला थांबला, मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटले, आणि उघडून पुसायला सुरुवात केली. पातेल्यातलं पाणी लाल झालं, गोपिकाने ते बदलून आणलं, तेही लाल झालं.

बाहेर भंतेजी आले होते. माणसं उठून उभी राहिल्याचं कळलं, आणि संथ आवाजात त्रिशरण सुरू झालं. प्रेमानंद दारापाशी येऊन म्हणाला, “झालं का काकू? सारे थांबले हायेत.”

इंदूचं कपाळ स्वच्छ झालं होतं. फक्त केसांच्या मुळांशी, भांगाच्या सुरुवातीला, कुंकवाचा फिकट लाल डाग उरला होता. नीट बघितलं तरच दिसेल असा.

मयुराने त्या डागाकडे पाहिलं, मग प्रयागबाईच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. तिने त्या बोटांवर आपला हात ठेवला.

“राहू दे मावशी,” ती म्हणाली. “एवढं राहिलं तर चालते.”

“तुले चालते माय,” प्रयागबाई म्हणाली, “तिले नाई चालत.”

आणि फडक्याचं कोरं टोक शोधून, ते पाण्यात बुडवून, ती पुन्हा इंदूच्या कपाळावर वाकली.